ती कादंबरी आणि खाटेचा वाटा

मला टीबी झाला होता. हे वाक्य मी आता कोणासमोरही म्हणते. बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कोणी विचारलं नाही तरी. पहिले दोन महिने मात्र ते तोंडातून निघत नव्हतं. 'छातीत पाणी झालंय' एवढंच सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण खरं झाकायला पुरत होतं.

ज्यांना आजच डॉक्टरांनी हा शब्द सांगितला असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोळ्यांची नावं मला विचारू नका, त्यासाठी डॉक्टर आहेत. मी सांगणार आहे ते त्या सहा महिन्यांबद्दल आणि एका कादंबरीबद्दल. ती मी आजारपणात वाचली आणि तिच्याशी माझं भांडण अजून चालू आहे. तिचं नाव मुद्दाम सांगत नाही. भांडण माझं आहे, तुम्ही कोऱ्या मनाने वाचावी.

मी सुनंदा. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात ग्रंथालय परिचर आहे. पुस्तकांवर शिक्के मारायचे, नंबर चिकटवायचे, रॅक लावायचे, आणि पुस्तकात पेन्सिलीने लिहिणाऱ्या पोरापोरींवर ओरडायचं, हे माझं काम. राहते जवळच्याच गावात. आमचं ढिवरांचं घर. गावच्या तलावातली मासेमारी आणि थोडं धान, यावर घर चालत आलं. नवरा अशोक तीन वर्षांपूर्वी गेला. आता घरात मी आणि बारावीतली मोनाली. भिंतीला भिंत लागून धाकट्या दिराचं, रमेशचं घर. त्याची बायको वंदना ही माझी जाऊ.

*

खोकला धानाच्या मळणीपासून होता. धुळीचा असेल म्हणून अडुळसा झाला, मध-हळद झाली, मेडिकलवाल्याने दिलेलं सिरप झालं. मग संध्याकाळचा ताप यायला लागला आणि ब्लाऊज अंगात लोंबायला लागले. मोनालीने एक दिवस हाताला धरून दवाखान्यात नेलं.

एक्स-रेसाठी बाकावर बसले होते. पिशवीत ती कादंबरी होती. त्याच आठवड्यात नव्या गठ्ठ्यात आली होती आणि मीच नंबर लावून घरी आणली होती. जग संपल्यानंतरची गोष्ट. धुराने आकाश काळं झालं आहे, शेती गेली आहे, आणि खोकल्याची साथ आली आहे. उरलेली माणसं एका मोठ्या भिंतीच्या आत राहतात. तिथे कोणाला नाव नाही, प्रत्येकाला नंबर आहे. रोज सकाळी हजेरी होते. हजेरीत जो दोनदा खोकतो त्याचा नंबर पाटीवरून पुसतात आणि त्याला दाराबाहेर काढतात. गोष्ट सांगणारा माणूस तोंडात फडकं कोंबून हजेरीला उभा आहे, इथवर मी वाचलं आणि मला खोकला आला. बाकावरची बाई जराशी सरकून बसली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. टीबी आहे, बरा होतो, सहा महिने एक दिवसही गोळी चुकवायची नाही. छातीत पाणी साचलंय आणि अंगात ताकद उरलेली नाही, म्हणून काही आठवडे चंद्रपूरला भरती व्हावं लागेल. मी एकच विचारलं, पोरीला तर झाला नसेल? मोनालीची तपासणी झाली. तिला काही नव्हतं. तेव्हा कुठे मला रडू आलं.

रडताना मला एक मुलगी आठवली. दोन वर्षांपूर्वी ती आमच्या अभ्यासिकेत खोकत बसायची. मी तिला दाराजवळच्या टेबलावर बसवलं होतं. इथे हवा चांगली लागते, असं सांगितलं होतं. खरं कारण तिलाही कळलं होतं. ती मुकाट्याने पुस्तकं उचलून तिकडे गेली आणि पुढच्या महिन्यापासून यायचीच थांबली. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण ते गाळलं तर बाकीचं लिहायचा मला अधिकार नाही.

*

वॉर्डातला दिवस ठरलेला असे. सकाळी थुंकीची डबी, मग वजन, मग गोळ्या. गोळ्या सिस्टरच्या समोर गिळायच्या आणि तोंड उघडून दाखवायचं. पहिल्याच दिवशी लघवी लालभडक झाली. मी संडासातच भिंतीला धरून बसले. आता सगळं संपलं असं वाटलं. बाहेर येऊन सिस्टरला सांगितलं तर ती म्हणाली की गोळ्यांचा रंग आहे, सगळ्यांनाच होतं, सांगायचं राहून गेलं. मला इतका राग आला की भीती पळाली. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, लाल दिसेल. घाबरू नका, डॉक्टरांना विचारा आणि जेवायला बसा.

माझ्या शेजारच्या खाटेवर बुधरीबाई होती. आलापल्लीकडच्या जंगलातल्या गावाची, गोंड, साठीच्या आसपास. हाडं मोजून घ्यावीत अशी, पण डोळे सतत फिरते. तिला वाचता येत नव्हतं. मी पुस्तक घेऊन बसले की ती टक लावून पाहायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, एकटीच काय वाचतेस, मलाही सांग. त्या दिवसापासून दुपारच्या जेवणानंतर मी तिला कादंबरी सांगायला लागले.

मला वाटलं होतं ती घाबरेल. बुधरीबाई घाबरली नाही, तिने लेखकाची उलटतपासणी सुरू केली.

"तेथी जंगल नोहतं का?"

जळून गेलं होतं, मी म्हटलं.

"आख्खं?"

लेखकाने तसं लिहिलंय.

"मंग त्यानं जंगल पाह्यलं नाई. जळल्या जंगलात पानी पडलं का बांबूले वास्ते येतेत." वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आमच्याकडे त्यांची भाजी करतात. "भिताडाच्या आत बसून उपाशी मरून राह्यले, आन् बाहेर जाऊन पाहाले कोनी तयार नाई. अशी कशी मानसं बापा?"

मी हसले. हसताना खोकला आला, तीही खोकली. वॉर्डात कोणी सरकलं नाही, सगळेच खोकणारे होते.

नंबरांचं तर तिला अजिबात पटलं नव्हतं. "नाव नाई तं हाक कशी मारत?" हे तिने मला कितीदा विचारलं असेल. आणि गंमत अशी की आमच्या वॉर्डातही खाटेच्या नंबरानेच हाक मारत. सिस्टरवर कामाचा बोजा होता, त्यांचा दोष नव्हता. पण हे ऐकल्यापासून बुधरीबाईने नंबराला ओ देणं बंद केलं. "सात नंबर, गोळ्या" म्हटलं की ती खिडकीबाहेर बघत बसे. दुसऱ्यांदा म्हटलं तरी तेच. शेवटी सिस्टरने कार्ड उचलून वाचलं, "बुधरीबाई." मग ती वळली, "हाओ" म्हणाली आणि गोळ्यांसाठी हात पुढे केला. सिस्टरला हसू फुटलं. त्या दिवसापासून ती आम्हा सगळ्यांना नावाने हाक मारू लागली.

*

लेखकावर अन्याय करायचा नाही. भीती त्याला कळली आहे. खोकला येतोय आणि येऊ द्यायचा नाही, तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं, कान गरम होतात, बरगड्या आतून ओढल्या जातात. हे त्याने इतकं बरोबर लिहिलंय की या माणसालाही कधीतरी टीबी झाला असणार असं मला वाटायचं. माझी भीती कोणीतरी मांडून ठेवली आहे, याचा मला आधार वाटला. डॉक्टरांनी, मोनालीने, रमेशने, सगळ्यांनी 'काही होत नाही' म्हटलं होतं. 'होतं' म्हणणारं ते एकच पुस्तक होतं.

पण त्याच पानावर मला त्याचा संतापही यायचा. त्याच्या वस्तीत कोणी कोणासाठी भाकर टाकत नाही. एक म्हातारी नाही, एक विनोद नाही, एक भांडण मिटत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की सुख गेलं की माणूस जनावर होतो. आणि हे तो असं लिहितो की आपण जणू उगाचच माणसं म्हणून मिरवत होतो. ते वाचलं की पुस्तक आपटावंसं वाटे. दुसऱ्या दुपारी पुन्हा मीच ते उघडून बसे.

कादंबरीत गोष्ट सांगणाऱ्या माणसाला एक बहीण आहे. तिला खोकला होतो. तो तिला किती दिवस लपवतो, स्वतःच्या वाट्याचं पाणी देतो. मग वस्तीचे लोक त्याच्याच हातात फडकं देतात, जा, तिचा नंबर तूच पूस. तो पाटीजवळ जातो, इथवर मी सांगितलं होतं. पुढची चाळीस पानं उरली होती.

त्या दिवशी बुधरीबाईला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला. नागपूरला हलवायचं ठरलं. स्ट्रेचर दारापर्यंत गेलं आणि तिने हात वर करून ते थांबवलं. मला वाटलं पाणी मागते आहे.

"थ्या बहिनीचं काय होते, मले सांगजो," ती म्हणाली.

तासाभरात खाटेवरची चादर बदलली. मी पुस्तक मिटलं. पुढे वाचायची माझी हिंमत झाली नाही. तो बहिणीचा नंबर पुसेल आणि तिकडे बुधरीबाईचं काही बरंवाईट होईल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. वेडेपणा होता, पण त्या दिवसांत डोकं असंच चालतं.

*

जानेवारीच्या शेवटी घरी आले. तुमच्यापासून आता कोणाला लागण होणार नाही, गोळ्या मात्र चालू ठेवा, असं डॉक्टरांनी रमेशसमोर स्पष्ट सांगितलं होतं. तरी वंदनाने माझं ताट-वाटी-पेला वेगळा काढून ठेवला होता. ती रोज दोन वेळा जेवणाचा डबा आणायची, उंबऱ्याबाहेर ठेवायची, "बाई, डबा" म्हणून हाक मारायची आणि मी दार उघडेपर्यंत निघून गेलेली असायची.

ग्रंथपाल सरांना फोन केला. पुस्तक माझ्याकडे राहिलंय, मोनालीबरोबर पाठवते म्हटलं. ते फार गोड आवाजात म्हणाले की राहू द्या हो तुमच्याकडेच, घाई नाही. वीस वर्षं मी त्या माणसाला एका दिवसाच्या उशिरावरून पोरांना फैलावर घेताना पाहिलंय. पुस्तकाने टीबी होत नाही, एवढं सांगायचंही मला सुचलं नाही. कादंबरीत बाहेर काढलेल्यांच्या वस्तू जाळतात. त्या दिवशी मला वाटलं की लेखक बरोबर आहे आणि मीच मूर्ख आहे.

माझी चूक तिथेच झाली. मग मी सगळीकडे ती कादंबरीच पाहायला लागले. वंदनाचा उंबऱ्यावरचा डबा दिसायचा, पण तो एक दिवसही चुकला नव्हता हे दिसायचं नाही. माझ्या तोंडाची चव गेली म्हणून ती चटणी वेगळी बांधून द्यायची. ती घाबरत होती आणि रोज येतही होती. दोन्ही खरं होतं. त्या लेखकाला यातलं पहिलंच दिसलं असतं, आणि तेव्हा मलाही तेवढंच दिसत होतं.

मार्चमध्ये मी कामावर रुजू झाले. कादंबरी स्वतः नेली, सरांसमोर रजिस्टरवर जमा केली आणि सरळ रॅकवर लावली. चाळीस पानं अजून वाचायची होती.

*

एप्रिलमध्ये तलावाचं पाणी उतरलं की आमच्या गावात मच्छीमार संस्थेचे सगळे सभासद मिळून जाळं टाकतात. पकडलेली मासळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पळसाच्या पानांवर मांडतात. जेवढे सभासद तेवढे वाटे. वाटणीत कोणाची बाजू घेतली असं होऊ नये म्हणून एक जुनी रीत आहे. शामराव भाऊ, आमच्यातले सगळ्यात वडील, वाट्यांकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करून बसतात. दुसरा एक जण काठी कोणत्याही वाट्यावर टेकवतो आणि विचारतो, हा कोणाचा? शामराव भाऊ न बघता नाव घेतात. ज्याचं नाव, त्याचा तो वाटा. बारीक निघो की भारी, तक्रार नाही.

अशोक गेल्यावर सभासद म्हणून रजिस्टरवर माझं नाव लागलं. पण बायका वाटणीला जात नाहीत. माझा वाटा रमेशच आणून द्यायचा. या वर्षी मी ठरवलं की स्वतः जायचं. घरात बसून 'माझं नाव घेतलं असेल का' म्हणत झुरणं मला जमण्यासारखं नव्हतं. मला पाहायचंच होतं की पाटीवर मी आहे की नाही.

पाळीवर गेले तेव्हा सगळे जरा चमकले. पायथ्याशी वंदना टोपली घेऊन उभी होती. रमेश काठी टेकवत होता. हा कोणाचा? एकेक नाव येत होतं, एकेक जण वाटा उचलून बाजूला होत होता. मी ऐकत होते. 'अशोकच्या घरचा' असं म्हटलं असतं तरी मला चाललं असतं. नावं संपत आली. पानांवर शेवटचा एकच वाटा उरला. रमेशने त्यावर काठी टेकवलीच नाही. शामराव भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागले.

माझं नाव आलं नव्हतं.

"भाऊ, माझं नाव राह्यलं," मी म्हटलं.

रमेश घाईघाईने जवळ आला. हळू आवाजात म्हणाला की वैनी, तो उरलेला वाटा तुमचाच आहे. त्याला खाटेचा वाटा म्हणतात. घरात कोणी खाटेवर असलं की त्याचा वाटा मोजून काढतात, पण नाव घेत नाहीत. मीच तुम्हाला आणून देणार होतो.

शामराव भाऊ पाठमोरेच होते. "बाई, दुखनाइताचं नाव पान्यापाशी घेत नसते," ते म्हणाले. "पानी आयकते."

मला एकदम कळलं की मी चुकले होते. इथे कोणी कोणाला पुसलेलं नव्हतं. मी जाळ्याला हात लावला नव्हता, तरी वाटा निघाला होता, आणि नाव घेतलं नव्हतं ते माझ्या काळजीपोटी. लेखक हरला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तरीही मला तो वाटा नको होता. तीन महिने मी गुपचूप डब्यावर, हळू आवाजावर, गोड फोनवर काढले होते. मायेने असलं तरी मला आता बिननावाचं राहायचं नव्हतं.

"मी खाटेवर नाई, भाऊ. माझ्या पायानं चालत आली," मी म्हटलं. "माझं नाव घ्या. पान्याले आयकू द्या."

एवढ्या जोरात मी किती महिन्यांत बोलले नव्हते. छातीत ओढ बसली आणि खोकला आला. मी पदर तोंडाशी धरला, पण दाबला नाही. एकदा खोकले. मग दुसऱ्यांदा. सगळी पाळ माझ्याकडे पाहत होती. दोघं जण मागे सरकले, ते मी पाहिलं, त्यांची नावंही मला माहीत आहेत. पाळीच्या पायथ्यापासून वंदना वर चढून आली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि माझ्या बाजूलाच उभी राहिली. उंबऱ्याबाहेर डबा ठेवणारी हीच वंदना.

शामराव भाऊ पुन्हा खाली बसले. पाण्याकडे तोंड तसंच.

"रमेश, पुन्हा इचार," ते म्हणाले.

रमेशने काठी टेकवली. "हा कोनाचा?"

"सुनंदाचा."

मी वाटा उचलला. एक मोठा रोहू, दोन मरळ आणि थोडे झिंगे. चांगला वाटा होता. टोपली वंदनाने धरली.

*

सोमवारी कॉलेजात गेल्यावर पहिलं काम केलं. रॅकमधून कादंबरी काढली आणि तिथेच उभी राहून चाळीस पानं वाचली. तो पुसतो. बहिणीचा नंबर तो स्वतःच्या हाताने पुसतो, दार उघडतं, ती बाहेर जाते आणि दार लागतं. मग शेवटपर्यंत लेखक भिंतीच्या आत त्या भावाबरोबरच राहतो, त्याचं दुःख लिहीत. ते फार चांगलं लिहिलंय. मी रडले. पण बहिणीच्या मागे दाराबाहेर तो एक पाऊल टाकत नाही.

माझ्या गोळ्या जूनमध्ये संपल्या. थुंकी स्वच्छ, एक्स-रे बरा, वजन पूर्वीपेक्षा जास्त. बुधरीबाईची खबर नाही. तिचा फोन नव्हता. आलापल्लीकडे जाणाऱ्या एकाबरोबर दोनदा निरोप पाठवला, उत्तर आलेलं नाही. ती आहे की नाही, मला माहीत नाही. पण तिने मला एक काम सांगितलं होतं आणि ते माझ्याकडून बाकी होतं.

पुस्तकात पेन्सिलीने लिहिणाऱ्यांवर मी वीस वर्षं ओरडत आले आहे. त्या सोमवारी वाचून झाल्यावर शेवटच्या ओळीखाली कोरी जागा दिसली, तिथे मी लिहिलं. सरांना सापडलं तर खोडतील, मग मी पुन्हा लिहीन.

'बाहेर पाऊस पडून गेला होता. बांबूला वास्ते आले होते. बहिणीचं नाव बुधरी होतं.'